पोर्टच्या क्रेनवर तपासणीला पहिल्यांदा चढताय? आधी हे वाचून घ्या

दर वर्षी मेंटेनन्सला नवीन पोरं लागतात, डिप्लोमा झालेला असतो, वेल्डिंगचं जुजबी माहीत असतं, आणि पहिल्याच महिन्यात कुणीतरी हातात चेकलिस्ट देऊन सांगतं, जा, क्यूसी तीनचं (तीन नंबरच्या क्वे क्रेनचं) स्ट्रक्चर बघून ये. पोरगं वर चढतं, सगळीकडे पिवळा-पांढरा पेंट दिसतो, सगळं ठणठणीत वाटतं, सगळ्या रकान्यांत 'ओके' लिहून खाली येतं. त्याची चूक नाही, काय बघायचं हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. मी बरीच वर्षं न्हावा शेवाच्या बाजूला क्रेनच्या स्ट्रक्चरचंच काम करतोय, तर जे मला सुरुवातीला कुणीतरी सांगायला हवं होतं ते इथे ओळीने लिहितोय. जहाजावरनं कंटेनर उतरवणाऱ्या क्वे क्रेनबद्दल मुख्यतः बोलतो, गोदीतली जुनी माणसं तिला अजून यारी म्हणतात. आरटीजी (यार्डातली रबरी टायरवर चालणारी क्रेन) किंवा जुन्या व्हार्फ क्रेनला पण यातलं बरंचसं लागू पडतं.

चढायच्या आधी: वजन कुठनं कुठे जातं ते पाठ करा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोक करतात. क्रेनपासून लांब उभं राहा आणि बोटाने दाखवत जा. स्प्रेडरखाली (कंटेनरला वरनं पकडणारी चौकट) ३० टनांचा बॉक्स, म्हणजे कंटेनर आहे, ट्रॉली (तो घेऊन पुढे-मागे धावणारा गाडा) बूमच्या, म्हणजे पाण्यावर पुढे आलेल्या हाताच्या, टोकाला जहाजावर आहे. वजन रोपवरनं ट्रॉलीत, ट्रॉलीच्या चाकांवरनं रेलमध्ये, रेलवरनं बूममध्ये. बूमला वरनं फोरस्टेने (पुढचा ताण धरणारा मेंबर) धरलंय, म्हणजे ओढ फोरस्टेत गेली, तिथनं वर एपेक्सला (क्रेनचा शेंडा), एपेक्सला मागे खेचून धरणारा बॅकस्टे, आणि मग सगळं पायांमधनं खाली सिल बीमला (पायांना तळाशी जोडणारा आडवा बीम), इक्वलायझरला (वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटणारा), बोगीला (चाकांचा गाडा), चाकांना आणि शेवटी जेट्टीच्या रेलमध्ये. ट्रॉली जमिनीच्या बाजूला आली की फोरस्टे सैल पडतो. परत जहाजावर गेली की परत ताणला जातो. दर बॉक्सला हे होतंय.

आता हिशोब करा. तासाला २५ मूव्ह (एक बॉक्स उचलून ठेवला की एक मूव्ह), दिवसाचे २० तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर दीड लाख मूव्ह झाले. वेल्डच्या फटीगचं, म्हणजे परत परत ताण बसून थकण्याचं, गणित ज्या २० लाख सायकलच्या आकड्यावर मांडतात तो आकडा या वेगाने साधारण १३ वर्षांत गाठला जातो. एकदा जोरात ताण येऊन पोलाद तुटणं हा प्रकार क्रेनमध्ये कमी, रोजच्या साध्या कामाने लाखो वेळा ओढ बसून वेल्डच्या कडेला बारीक चीर पडते आणि ती हळूहळू वाढते, हा प्रकार खूप जास्त. आणि अजून एक, वेल्ड केलेल्या जॉइंटमध्ये ताणाचा चढउतार दुप्पट झाला तर नुकसान दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतं. म्हणून जास्त वजनाचे लिफ्ट, बॉक्स अडकून झटका बसणं, हे त्या दिवशी काही मोडलं नाही म्हणून विसरायचं नसतं, लॉगबुकात गेलंच पाहिजे.

वजनाचा रस्ता कळला की दुसरा प्रश्न विचारा: यातला कुठला तुकडा एकटा गेला तर बाकीचे सांभाळून घेऊ शकत नाहीत? फोरस्टेच्या पिना आणि त्यांचे कान, बूम हिंज (बूम जिथे वर दुमडतो तो बिजागर), एपेक्सचा जोड, बॅकस्टेचं खालचं टोक, पाय आणि पोर्टल बीमचा कोपरा. ड्रॉइंगवर यांना बहुतेक वेळा फ्रॅक्चर क्रिटिकल असं मार्क केलेलं असतं. त्यातही जे मेंबर ओढीत आहेत, म्हणजे टेन्शनमध्ये, तिथे चीर वाढते, दाबाखाली असलेल्या ठिकाणी सहसा तेवढी वाढत नाही. तुमच्याकडे वेळ एका शिफ्टचा आहे आणि क्रेनवर वेल्डचे जॉइंट शेकड्याने आहेत, सगळीकडे सारखा वेळ घालवायला गेलात तर कुठेच नीट बघून होणार नाही. ड्रॉइंगची झेरॉक्स काढा आणि या जागा लाल पेनाने गोल करा.

कागदपत्रं

आपल्याकडच्या गोद्यांमधली तपासणीची पद्धत १९८६ च्या डॉक वर्कर्स सेफ्टी कायद्यावर आणि त्याखालच्या १९९० च्या रेग्युलेशन्सवर उभी राहिलीय. तो कायदा आता २०२० च्या ओएसएच (कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य) कोडमध्ये घेतलाय, त्यामुळे सध्याचा फॉर्म आणि नियम नंबर तुमच्या सेफ्टी ऑफिसरकडनं घ्या. पण पाया लक्षात ठेवा: वर्षातनं निदान एकदा कॉम्पिटंट पर्सनकडनं (कायद्याने मान्य केलेला तपासनीस) कसून तपासणी, पाच वर्षांतनं एकदा लोड टेस्ट, आणि स्ट्रक्चरच्या ताकदीवर परिणाम करेल असं कुठलंही रिपेअर झालं की परत टेस्ट. वायर रोप तीन महिन्यांनी, आणि रोपची एक जरी तार तुटलेली दिसली तर तिथनं पुढे दर महिन्याला. रोपच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांवर गेल्या की रोप बाद.

नवीन माणसाने सही करायची नसते, ती कॉम्पिटंट पर्सनची असते. तुमचं काम नीट बघणं आणि जसं दिसलं तसं लिहिणं. मागच्या दोन-तीन रिपोर्टची प्रत बरोबर घ्या, कारण मागच्या वेळी जिथे काही सापडलं होतं किंवा रिपेअर झालं होतं तिथे पहिल्यांदा जायचंय. रिपेअर केलेली जागा परत फुटते, हा माझा अनुभव आहे, जिथे एकदा चीर आली तिथे ताण तसाच असतो, वेल्ड भरल्याने तो कमी होत नाही.

वर जाताना

परमिट, मेन आयसोलेटरला स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. ट्रॉली कुठे पार्क करायची, बूम वर की खाली, हे ऑपरेटरशी आणि कंट्रोलशी बोलून ठरवा आणि वॉकीवर परत एकदा वदवून घ्या. डबल लॅनयार्डचं हार्नेस, एक हुक लावल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. हातोडी, टॉर्च, वायर ब्रश सगळं दोरीने बांधलेलं, कारण चाळीस मीटरवरनं पडलेला पाना खाली लॅशिंगवाल्याच्या (कंटेनर बांधणाऱ्या कामगाराच्या) हेल्मेटमधनं आरपार जाईल. एकटं कधीच जायचं नाही, आणि कुणी हार्नेसला लटकलाच तर त्याला कसा खाली आणायचा हे आधी ठरलेलं पाहिजे, फायरवाल्यांची वाट बघत माणूस पंधरा-वीस मिनिटं लटकून राहिला तर त्याचा जीव धोक्यात येतो.

बॉक्स गर्डरच्या (ट्रॉली ज्यावर धावते ती पोकळ पेटीसारखी तुळई) किंवा पायाच्या आत शिरायचं असेल तर हे दोनदा वाचा. बंद पेटीत पोलाद गंजतं तेव्हा ते आतल्या हवेतला ऑक्सिजन खातं. वास येत नाही, काही दिसत नाही, माणूस आत जातो आणि गुडघ्यांतनं खाली बसतो, मग त्याला काढायला दुसरा आत जातो आणि तोही तिथेच पडतो. मॅनहोल उघडा, ब्लोअर लावा, गॅस मीटरने वर, मध्ये आणि खाली मोजा, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही, आणि आत गेल्यावर बाहेर एक माणूस कायम उभा. साहेब घाई करत असतील तरी.

डोळ्यांनी बघणं

आधी खालनं, दुर्बिणीने. सकाळी साडेसात-आठला किंवा संध्याकाळी ऊन तिरकं असतं तेव्हा प्लेटवरचा पोक, वाकलेला डायगोनल, पेंटमधली रेघ हे जसं उठून दिसतं तसं दुपारी बाराला दिसत नाही. पायांवर ट्रेलर किंवा बॉक्स घासल्याच्या खुणा शोधा, बूमच्या खालच्या बाजूला जहाज लागल्याच्या खुणा शोधा. वाकलेला पाइप बघून 'आधीपासनंच आहे' असं कुणी म्हटलं तर ते मागच्या रिपोर्टमध्ये आहे का बघा, नसेल तर नवीन समजा.

चीर कशी दिसते? नवीन माणसाला वाटतं फट दिसेल. फट दिसत नाही, गंजाची रेघ दिसते. पेंट पोलादापेक्षा लवकर फुटतो, त्यातनं खारं पाणी आत जातं आणि त्या फटीतनं तपकिरी ओघळ बाहेर येतो, वेल्डच्या कडेने, केसाइतका बारीक आणि सरळ. आजूबाजूला पेंट चांगला आहे आणि मध्येच अशी एकच रेघ आहे, तर थांबायचंच. दोन भाग एकमेकांवर घासत असतील, पिन किंवा बोल्टच्या जागी, तर तिथे लालसर बारीक पूड दिसते, तीही खूण आहे.

एक किस्सा सांगतो, टर्मिनलचं नाव नको. पावसाळ्याच्या आधीची तपासणी चालू होती, मी गर्डरच्या खालच्या फ्लँजवर (गर्डरची आडवी प्लेट) हळूहळू सरकत होतो. तिथे फ्लडलाइटसाठी कुणीतरी कधीतरी एक छोटा अँगल वेल्ड मारून लावला होता, तळहाताएवढा, ड्रॉइंगमध्ये कुठेच नव्हता. त्याच्या वेल्डच्या कोपऱ्यातनं एक तपकिरी रेघ निघाली होती, बोटभर. सोबतचा पोरगा म्हणाला, "दादा, पेंट फुटलाय, मागच्या वर्षी पण असाच होता." मागच्या वर्षी पण असाच होता, आणि कुणी लिहिला नव्हता. पेंट काढला, मॅग्नेटिक टेस्ट केली, दिसत होती बोटभर ती निघाली वीतभर, आणि ती अँगलमध्ये नव्हती, मेन फ्लँजमध्ये शिरली होती. क्रेन त्याच तासाला थांबवली. त्या दिवसापासनं मी कुठल्याही क्रेनवर गेलो की आधी ड्रॉइंगमध्ये नसलेल्या गोष्टी शोधतो: केबल ट्रेचे ब्रॅकेट, पाइपचे क्लॅम्प, उचलण्यासाठी मारलेले आणि मग गॅसने कापलेले लग, तात्पुरत्या शिडीचे ठिपके. ओढीत असलेल्या फ्लँजवर मारलेला अर्ध्या इंचाचा टॅक वेल्ड सुद्धा चिरेला सुरुवातीची जागा देतो. इलेक्ट्रिकलवाल्या मित्रांना हात जोडून विनंती, क्लॅम्प लावा, वेल्ड मारू नका.

ऑपरेटरशी बोला, हे कुठल्याच चेकलिस्टमध्ये नसतं. तो दिवसाचे आठ तास त्या केबिनमध्ये लटकलेला असतो. "बूम खाली बसताना कट्‌ असा आवाज येतोय", "ट्रॉली हिंजवरनं जाताना पूर्वीपेक्षा जास्त आपटतेय" असं त्याने सांगितलं तर सरळ बूम हिंजकडे जा. पिन आणि बुशमध्ये खेळ वाढला असेल, किंवा बूम आणि गर्डरच्या रेलच्या टोकांमध्ये उंचीचा फरक पडला असेल, आणि त्या प्रत्येक आपटण्याचा झटका हिंजच्या वेल्डमध्ये जातो.

पेंटची रेघ की पोलादाची चीर: खात्री कशी करायची

डाय पेनेट्रंट, म्हणजे डीपी, बहुतेकांनी आयटीआयला बघितलेली असते, पण घाईत चुकते. पेंट पूर्ण काढायचा, आणि ग्राइंडरने कचाकचा घासून नाही, त्याने चिरेचं तोंड बुजतं आणि टेस्ट फसते. पेंट रिमूव्हर किंवा हलक्या हाताने फ्लॅप डिस्क. क्लीनरने पुसा, वाळू द्या. लाल डाय मारा आणि डब्यावर लिहिलेली वेळ थांबा, साधारण दहा ते वीस मिनिटं असते, थंड हवेत जास्त. मग वरची डाय पुसताना क्लीनर कपड्यावर घ्यायचा, थेट जॉइंटवर फवारायचा नाही, कारण चिरेतली डायच धुऊन जाते. मग पांढरा डेव्हलपर पातळ मारा आणि नजर न हलवता बघा, पहिल्या मिनिटाला जी रेघ उमटते ती सगळ्यात खरी, नंतर डाग पसरत जातो. भर दुपारी पोलाद इतकं तापतं की हात लावता येत नाही, तेव्हा डाय वाळून जाते, म्हणून हे काम सकाळीच.

मॅग्नेटिक टेस्ट, एमपीआय, मला जास्त भरवशाची वाटते, आणि पातळ पेंटवरनं सुद्धा चालते, जाड थरावरनं नाही. योक (हातात धरायचं मॅग्नेट) एकदा एका दिशेने ठेवून बघायचं, मग काटकोनात फिरवून परत, कारण मॅग्नेटच्या रेषांना आडवी असलेली चीरच उठते, समांतर असलेली लपते. कामाच्या आधी योकने साडेचार किलोचा ठोकळा उचलून दाखवला पाहिजे, नसेल उचलत तर ते योक त्या दिवशी बाजूला ठेवा. पिनांच्या आतलं डोळ्यांना दिसत नाही, तिथे पिनेच्या टोकावर प्रोब लावून अल्ट्रासॉनिक करतात, ते लेव्हल टू च्या (तपासणीचं सर्टिफिकेट असलेल्या) माणसाचं काम, तुम्ही शेजारी उभं राहून शिका.

चीर सापडली की दोन्ही टोकांना मार्करने आडवी रेघ, शेजारी तारीख, स्केल ठेवून फोटो. आणि कुणालाही वरनं वेल्ड फिरवू देऊ नका! वरनं वेल्ड मारला की चीर झाकली जाते, आत ती तशीच वाढत राहते आणि आता कुणाला दिसतही नाही. बरोबर पद्धत म्हणजे चीर मुळापर्यंत गाउज करून (कोरून) काढायची, संपली का ते परत एमपीआयने बघायचं, प्रीहीट, ओव्हनमध्ये बेक केलेले ७०१८ वेल्डिंग रॉड, सगळं इंजिनियरने लिहून दिलेल्या प्रोसिजरप्रमाणे, आणि झाल्यावर परत टेस्ट. जाड किंवा हाय स्ट्रेंथ प्लेट असेल तर शेवटची टेस्ट ४८ तासांनी, कारण हायड्रोजनमुळे येणारी चीर उशिरा येते, गरम असताना सगळं छान दिसतं. चिरेच्या टोकाला भोक पाडून ठेवणं हा तात्पुरता उपाय, तोही इंजिनियरने सांगितला तरच. अजून एक, वेल्डिंगचा अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा, खाली रेलला लावलात तर करंट चाकांच्या बेअरिंगमधनं जातो आणि बेअरिंगची वाट लागते.

गंज

कोकणातली हवा, जून ते सप्टेंबर पाऊस, आणि वर्षभर मीठ. गंज सगळीकडे दिसतो म्हणून नजर मरते, ती मरू देऊ नका. वरवरचा गंज आणि प्लेट खाणारा गंज यांत फरक करायला शिका: हातोडीने टकटक करा, चांगली प्लेट खणखणते, खाल्लेली भद्‌ वाजते आणि पापुद्रे पडतात. पाणी कुठे साचतं ते शोधा. सिल बीमच्या वरची बाजू, पायाच्या तळाचा कोपरा, वॉकवेच्या सपोर्टचं बूड. ड्रेनचं भोक कबुतराच्या घरट्याने बुजलेलं असतं, आणि आत सहा इंच पाणी उभं असतं, हे मी एकदा नाही, कितीतरी वेळा बघितलंय. भोक मोकळं करणं हे पाच मिनिटांचं काम आहे, लगेच करून टाका.

जाडी मोजताना गेज पेंटची जाडी पण धरत असेल तर आकडा फसवा येतो, एको-टू-एको मोड असेल तर तो लावा नाहीतर पेंट काढा. आणि दर वेळी त्याच बिंदूवर मोजा, पंच मारून नाही हां, पंचची खूण म्हणजे परत चिरेला जागा, पेंटच्या ठिपक्याने खूण करा. एका वर्षीचा आकडा एकटा काही सांगत नाही, तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की प्लेट किती वेगाने जातेय ते कळतं. शिड्या आणि रेलिंग पण याच रांगेत धरा, क्रेन त्यांच्यामुळे पडणार नाही, पण तुम्ही पडाल.

बोल्ट आणि बोगी

हाय स्ट्रेंथ बोल्टवर टाइट केल्यानंतर नटपासून प्लेटपर्यंत पेंटची एक सरळ रेघ मारलेली असते, ती रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरलाय. एकच बोल्ट ढिला सापडला तरी त्या जॉइंटचे सगळे तपासा. १०.९ चे बोल्ट एकदा पूर्ण ताकदीने कसून सोडले असतील तर परत वापरण्यापेक्षा नवीन घाला. खाली बोगीत चाकाच्या फ्लँजची एकच बाजू झिजत असेल तर रेलचा गेज (दोन रेलमधलं अंतर) किंवा क्रेनची चौकट तिरकी झालीय असं समजून सर्व्हेवाल्याला बोलवा.

वारा

हा भाग लांबवणार आहे, कारण आपल्या बंदरात घडलेलं आहे. ५ ऑगस्ट २०२० ला मुंबईत वाऱ्याने कहर केला, कुलाब्याला ताशी १०६ किलोमीटर नोंदला गेला, आणि त्याच दिवशी जेएनपीटीत, म्हणजे न्हावा शेवाच्या बंदरात, तीन क्वे क्रेन कोसळल्या. नशीब, कुणी दगावलं नाही. त्याच्या आधी १२ सप्टेंबर २००३ ला कोरियात बुसानला मायेमी वादळात ११ क्रेन गेल्या होत्या.

वारा साधारण ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास गेला की क्रेनचं काम थांबवून ती बांधायची असते, नेमका आकडा तुमच्या क्रेनच्या मॅन्युअलमध्ये बघा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ७२ वरनं १०६ ला गेला की दाब दुपटीहून जास्त. हजार टनांच्या आसपासचं धूड, पण उंची आणि अंग मोठं, त्यामुळे वारा तिला दोन प्रकारे त्रास देतो: रेलवरनं पळवतो आणि एका बाजूने उचलतो. पळू नये म्हणून रेल ब्रेक आणि जमिनीतल्या खोबणीत जाणारी स्टोवेज पिन. उचलली जाऊ नये म्हणून टाय-डाऊन, म्हणजे क्रेनला जेट्टीशी बांधून धरणारा जोड. या दोघांची कामं वेगळी आहेत, पिन घातली म्हणजे क्रेन बांधली असं नाही, पिन उचलण्याला अडवत नाही.

तपासताना काय बघायचं तर मेच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक क्रेन खरोखर तिच्या पार्किंगला नेऊन पिन घालून बघा. खोबणीत रेती, सिमेंट, प्लास्टिक भरलेलं असतं, पिन अर्धीच जाते. टाय-डाऊन खरोखर जोडून बघा, टर्नबकलचे (फिरवून ताण द्यायचा जोड) आटे गंजून जाम असतात, वादळाच्या रात्री दोन माणसं पान्यावर उभी राहिली तरी फिरत नाहीत. एका कोपऱ्यात दोन टाय-डाऊन असतील तर दोन्हींवर सारखा ताण हवा, एक ताठ आणि एक सैल असेल तर सगळा भार ताठवर येतो आणि तो तुटला की लगेच दुसरा. आणि जेट्टीच्या काँक्रीटमधला जो कान आहे, ज्याला टाय-डाऊन अडकतो, तो सिव्हिलचा म्हणून मेकॅनिकलवाले बघत नाहीत आणि क्रेनचा म्हणून सिव्हिलवाले बघत नाहीत. तो तुम्ही बघा. त्याच्याभोवती काँक्रीटला भेगा, प्लेट गंजलेली, हे रिपोर्टमध्ये घाला आणि दोन्ही डिपार्टमेंटला पाठवा.

ॲनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) चालतोय का, त्याचा अलार्म केबिनमध्ये ऐकू येतो का, हेही त्याच दिवशी.

लोड टेस्ट

१ ऑगस्ट २०२० ला विशाखापट्टणमला हिंदुस्तान शिपयार्डमध्ये ७० टनांची क्रेन ट्रायलच्या वेळी कोसळली आणि ११ माणसं गेली. त्या क्रेनने अजून रोजचं काम सुरूही केलं नव्हतं. म्हणून टेस्टच्या दिवशी क्रेनवर आणि क्रेनखाली फक्त ज्यांची गरज आहे तेवढेच, बाकी सगळे बॅरिकेडच्या बाहेर, बघे नकोत, मोबाइलवर शूटिंग करणारे नकोत.

टेस्टचं वजन असं: क्रेनची क्षमता २० टनांपर्यंत असेल तर २५ टक्के जास्त, २० ते ५० टनांमध्ये ५ टन जास्त, ५० च्या वर १० टक्के जास्त. म्हणजे ४० टनांच्या क्रेनला ४५, ६५ च्या क्रेनला साडेएकाहत्तर. टेस्टच्या आधी क्रिटिकल जॉइंट बघून घ्या आणि टेस्ट झाल्यावर परत बघा, नंतरचं बघणं बरेच जण टाळतात कारण तोवर संध्याकाळ झालेली असते. टोटल स्टेशनने (सर्व्हेचं मोजमाप यंत्र) बूमच्या टोकाची उंची तीनदा घ्या: वजन उचलायच्या आधी, वजन असताना, आणि वजन ठेवल्यावर. तिसरा आकडा पहिल्यावर परत आला पाहिजे. नाही आला तर कुठेतरी काहीतरी कायमचं वाकलंय किंवा सरकलंय, ते सापडेपर्यंत क्रेन चालवायची नाही.

रिपोर्ट लिहिताना

"बूमला क्रॅक आहे" हे वाक्य निरुपयोगी आहे. कुठली क्रेन, सी-साइड की लँड-साइड, डावं की उजवं (कुठे तोंड करून डावं, ते पण), ड्रॉइंगवरचा जॉइंट नंबर, वेल्डच्या कडेला की वेल्डमध्ये, लांबी मिलिमीटरमध्ये, कुठल्या टेस्टने पाहिली, फोटो नंबर. पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी तुमचा कागद घेऊन वर चढेल, त्याला ती जागा दोन मिनिटांत सापडली पाहिजे. जिथे पोचता आलं नाही तिथे 'ओके' लिहू नका, "पोचता आलं नाही, बूम लिफ्ट लागेल" असं लिहा. त्यात कमीपणा नाही, आणि तो रकाना रिकामा दिसला तरच कुणीतरी बूम लिफ्ट मागवेल.

प्रत्येक गोष्टीपुढे तीनपैकी एक लिहा: आत्ता थांबवा, ठरलेल्या तारखेपर्यंत दुरुस्त करा, लक्ष ठेवा. फ्रॅक्चर क्रिटिकल जागी चीर असेल तर 'लक्ष ठेवा' हा पर्याय तुमच्या हातात नाही, ते इंजिनियरने हिशोब करून लेखी सांगायचं. आणि खाली जहाज उभं आहे, बर्थ प्लॅनिंगवाले फोनवर फोन करतायत, शिफ्ट मॅनेजर म्हणतोय एवढं जहाज होऊ दे मग बघू, अशा वेळी आवाज न चढवता फोटो दाखवा, चिरेची लांबी सांगा, वेळ टाकून मेसेज करा आणि सेफ्टी ऑफिसरला त्यात घ्या. मुंबईत शीवला (सायनला) सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये डीजीफासलीचं (कारखाने आणि गोद्यांची सुरक्षा बघणारं केंद्राचं खातं) ऑफिस आहे, आणि मोठ्या बंदरांत त्यांचे डॉक सेफ्टीचे इन्स्पेक्टर असतात, ते याच कामासाठी आहेत, त्यांना घाबरायचं कारण नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी बॅगेतलं सामान: टॉर्च आणि जास्तीचे सेल, छोटा आरसा लांब दांड्याचा, वायर ब्रश, भिंग, स्टीलची पट्टी, पेंट मार्कर दोन रंगांचे, सुती कपडा, पाण्याची बाटली, आणि ती लाल गोल केलेली झेरॉक्स. पहिले तीन-चार वेळा जुन्या माणसाबरोबरच जा, आणि तो एखाद्या जॉइंटसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला तर त्याला तिथेच विचारा, दादा, तुम्ही इथे काय बघताय.